एका प्याद्याची किंमत : मार्शल हल्ल्यामागील तर्क

बुद्धिबळात प्यादे हे सर्वात कमी मोलाचे मोहरे मानले जाते. तरीही तुल्यबळ खेळाडूंच्या लढतीत एका प्याद्याची उणीव पराभवास कारणीभूत ठरू शकते. अशा खेळात अवघ्या आठव्या खेळीला काळ्याने आपले प्यादे स्वखुशीने देऊन टाकावे, हे वरकरणी अविचाराचे वाटते. पण 'रुय लोपेझ' या सुरुवातीतील 'मार्शल हल्ला' शंभरहून अधिक वर्षे टिकून आहे, तो याच बलिदानाच्या बळावर.

या पद्धतीत सात खेळ्यांनंतर दोन्ही राजे किल्लेकोट करून सुरक्षित झालेले असतात. आठव्या खेळीला पांढरा सी-३ खेळून पटाच्या मध्यावर पुढे सरकण्याची तयारी करतो. येथे काळ्याने डी-६ खेळून इ-५ वरील प्याद्याला आधार द्यावा, ही रूढ चाल. मार्शल हल्ल्यात मात्र तेच प्यादे थेट डी-५ वर लोटले जाते. मग मध्यावर मारामारी होते, घोड्यांची एक जोडी पटावरून जाते आणि पांढऱ्याचा हत्ती इ-५ वरील प्यादे टिपतो.

काळ्याला याचा मोबदला मिळतो तो वेळेच्या रूपाने. पांढऱ्याच्या वजिराच्या बाजूचे हत्ती, घोडा व उंट जागचे हललेले नसतात. घोड्याचे सी-३ हे स्वाभाविक घर त्याच्याच प्याद्याने अडवलेले असते. राजाचा पहारेकरी असलेला एफ-३ वरील घोडा कामी आलेला असतो. उलट काळ्याचा उंट डी-६ वर येऊन हत्तीला हुसकावतो, वजीर एच-४ वर धडकतो आणि पांढऱ्याला जी-३ खेळून राजासमोरची तटबंदी ढिली करावी लागते.

२३ ऑक्टोबर १९१८ रोजी न्यूयॉर्क येथे अमेरिकेच्या फ्रँक मार्शलने हे अस्त्र क्यूबाच्या कापाब्लांकावर सोडले. मार्शलने ते वर्षानुवर्षे गुप्त राखले होते, या आख्यायिकेवर इतिहासकार फारसा विश्वास ठेवत नाहीत. समोर पूर्वतयारी आहे हे ओळखूनही कापाब्लांकाने आव्हान स्वीकारले. देऊ केलेला घोडा त्याने लगेच मारला नाही. संयमाने हल्ला परतवून त्याने ३६ खेळ्यांत डाव जिंकला.

डाव हरला, पण कल्पना हरली नाही. मार्शलने अकराव्या खेळीला घोडा एफ-६ वर मागे घेतला होता. पुढे त्याऐवजी सी-६ ही चाल रूढ झाली. तिच्यामुळे डी-५ वरील घोडा मध्यावर भक्कम राहतो आणि हल्ल्याला पाया मिळतो. २००४ साली ब्रिसागो येथील जगज्जेतेपदाच्या लढतीत आठव्या डावात पीटर लेकोने याच पद्धतीने व्लादिमिर क्रामनिकला नमवले. क्रामनिक घरी अभ्यासून आलेल्या मार्गानेच खेळत होता. लेकोने त्याची तोड पटावर शोधली.

संगणकाच्या कसोटीवरही हे बलिदान उतरले आहे. अचूक खेळ झाल्यास डाव बहुधा बरोबरीत सुटतो. म्हणूनच अनेक अव्वल खेळाडू आठव्या खेळीला सी-३ टाळून ए-४ किंवा एच-३ खेळतात आणि मार्शलला वाटच देत नाहीत. मात्र मिळालेला वेळ काळ्याने रेंगाळून दवडला, तर पांढऱ्याची मोहरी बाहेर पडतात आणि काळ्याच्या हाती उरते ती केवळ एका प्याद्याची तूट.