चाकांवरचे घर आणि परक्या दारची वीज

सुटीत सहकुटुंब देश पाहावा ही हौस आता गावोगावी रुजली आहे. बिछाने, चूल व पाण्याची टाकी सोबत घेऊन फिरणाऱ्या चाकांवरच्या घरास कॅरव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने अशा पर्यटनासाठी २०२१ साली स्वतंत्र धोरणही आखले.

या सहलीस भोपाळ फार सोयीचे आहे. मोठा तलाव शहरातच आहे. सांचीचे स्तूप व भीमबेटकाच्या चित्रगुहा पन्नास किलोमीटरांच्या आत आहेत. कॅरव्हॅन एका तळावर उभी करावी, दिवसा सोबतच्या मोटारीने हिंडावे आणि रात्री परतावे. ती मोटार प्लग लावून भरण्याची हायब्रिड असेल, तर रोजच्या फेरीचा बराच भाग विजेवर निभावतो.

अशा मोटारीत पेट्रोलचे इंजिन असते व विजेची मोटरही असते. आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या बहुतेक हायब्रिड गाड्यांना प्लग नसतो. प्लगच्या गाड्या आपल्याकडे थोड्या व महाग आहेत. तथापि पुढील सावधगिरी विजेवर चालणाऱ्या कोणत्याही मोटारीस लागू पडते.

प्रथम हिशेब पाहू. २३० व्होल्टच्या दाबाने १० अँपिअर प्रवाह घेतला म्हणजे २,३०० वॅट होतात. बॅटरी बारा युनिटांची असल्यास, वाटेत वाया जाणारी वीज धरून, ती भरण्यास सुमारे सहा तास लागतात. रात्री नऊला लावलेली गाडी पहाटे तीनला तयार होते. पण तळावरील जोडणी १६ अँपिअरची असली, तर तिच्यातून एकंदर ३,६८० वॅटच मिळतात. गाडीचा वाटा वजा जाता १,३८० उरतात. तेवढ्यात कुणी दोन हजार वॅटची किटली लावली की मर्यादा ओलांडली जाते आणि कटआउट पडू शकतो. यास्तव स्वयंपाक व आंघोळी आटोपल्यावरच गाडी जोडावी.

कटआउट पडला तर अंधार होतो, एवढेच. तो न पडता तापत राहणारी तार अधिक घातक असते. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते. गुंडाळी करून ठेवलेल्या तारेतून ती बाहेर पडू शकत नाही. आवरण वितळते आणि आग लागते. म्हणून जोडतार पूर्ण उलगडावी, ती जाड असावी, आणि अर्ध्या तासाने प्लग हाताला चटका देतो का हे पाहावे. चटका बसल्यास बटण तत्काळ बंद करावे.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. जोडणीस अर्थिंग नसल्यास अनेक गाड्यांची चार्जिंगची पेटी वीज घेण्याचे नाकारते. हा तिचा दोष नसून राखण आहे. तिला चकविण्याची युक्ती सांगणारा शहाणा वाटेत भेटेल. त्याचे ऐकू नये. बिघाड झाल्यास गाडीच्या पत्र्यात वीज उतरते, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या मुलाने दाराला हात लावला तर अनर्थ ओढवतो.

अशा वेळी हायब्रिडच्या मालकाला एक मोठी सवड असते. टाकीत पेट्रोल असल्याने त्याची गाडी अडत नाही. जोडणीविषयी शंका आली, तर त्या रात्री गाडी न भरणे हाच शहाणपणा होय. थोडे पेट्रोल अधिक जळेल, पण मुले सुखरूप निजतील.

शेवटी व्यवहाराविषयी. एका भरणीस सुमारे चौदा युनिटे लागतात. तेवढ्या विजेवर पंच्याहत्तर वॅटचा पंखा अखंड आठवडाभराहून अधिक काळ चालतो. तळाच्या भाड्यात दिव्यापंख्याची वीज धरलेली असेलही. मोटारीची असेलच असे नाही. म्हणून यजमानास आधी विचारावे, जोडणी किती अँपिअरची आहे हे जाणून घ्यावे आणि युनिटांप्रमाणे दाम मोजावे. शेजाऱ्याच्या विहिरीवरून हंडाभर पाणी आणताना आपण हाक मारून विचारतो. त्याच्या पाण्यावर शेत भिजवायचे तर त्याचा मोबदला आधी ठरवतो. परक्या दारची वीजही त्याच रीतीने घ्यावी.