हुकूम एक, तुकड्या अनेक

‘हुकूम होता म्हणून केलं’ हा बचाव न्युरेंबर्गला फेटाळला गेला खरा, पण त्या गाजलेल्या खटल्यात पिंजऱ्यात होते नाझी राजवटीचे कर्तेकरविते. तळाच्या शिपायाला तोच नियम लावायचा तर काय होतं, हे कळलं इस्राएलमधल्या कफ्र कासिम प्रकरणात. २९ ऑक्टोबर १९५६ला, सुएझचं युद्ध पेटत असताना, सीमेलगतच्या अरब गावांत संध्याकाळी पाचपासून संचारबंदी लागली. गावच्या मुखियाला ती कळली जेमतेम अर्धा तास आधी. कामावर गेलेल्यांना कळणार कशी? बाहेर दिसेल त्याला गोळी घालायचा हुकूम होता. सीमा पोलिसांनी घरी परतणाऱ्या जवळपास ५० जणांना, बायकामुलांसकट, मारलं.

हाच हुकूम शेजारच्या गावांतल्या तुकड्यांनाही होता. तिथल्या बहुतेक तुकडीप्रमुखांनी उशिरा आलेल्यांना घरी जाऊ दिलं. म्हणजे ‘दुसरं काही करताच येत नव्हतं’ हा बचाव त्याच संध्याकाळी खोटा ठरला होता. आता कोणी म्हणेल, ते अधिकारी होते, साध्या शिपायाला कसली मुभा? आणि प्रत्येक जण हुकूम तपासू लागला तर फौज चालेल कशी? आक्षेप पोकळ नाही. पेशावरला १९३०मध्ये नि:शस्त्र जमावावर गोळी झाडायला नकार देणाऱ्या गढवाली सैनिकांना कोर्ट मार्शलला तोंड द्यावं लागलं. हवालदार चंद्रसिंग गढवालींना तर जन्मठेप झाली. पण कफ्र कासिम खटल्याच्या १९५८च्या निकालात न्यायाधीश बेंजामिन हालेवींनी शिपायाकडून कायद्याचा अभ्यास मागितला नव्हता. ज्या हुकमाची बेकायदेशीरता काळ्या झेंड्यासारखी उघड दिसते तेवढाच त्याने मोडावा, असं त्यांचं म्हणणं. शेतावरून परतणाऱ्या बाईवर बंदूक रोखताना कायद्याचं पुस्तक कशाला लागतं? नकाराची किंमत मोठी असेल तर शिक्षा सौम्य करावी, गुन्हा पुसू नये.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो: लहान सापडतात, मोठे सुटतात. त्या खटल्यातल्या अकरा आरोपींपैकी आठ जण दोषी ठरले, त्यांत साधे शिपाईही होते. शिक्षा कमी होत होत १९६०पर्यंत सगळे सुटले. ब्रिगेडप्रमुख शदमींवर वेगळा खटला चालला, खुनाच्या आरोपातून ते मुक्त झाले आणि अधिकाराबाहेर जाऊन संचारबंदी वाढवल्याबद्दल त्यांना दंड झाला १० प्रुतोत, म्हणजे नाममात्र चिल्लर. यावरून शिपायांनाही सोडायला हवं होतं, असं मात्र निघत नाही. त्यांना दोषी धरलं ते योग्यच. अन्याय झाला तो शदमींच्या निकालात.