बॅकअपची किल्ली कोणाकडे?

मोबाइलमधल्या फोटोंची, नोंदींची प्रत क्लाउडवर जाते ती कुलूपबंदच असते. प्रश्न किल्लीचा आहे. अ‍ॅपलच्या साध्या आयक्लाउड बॅकअपची किल्ली कंपनीपाशीही राहते. कायदेशीर आदेश आला की कंपनीला कुलूप उघडून मजकूर सरकारला देता येतो. डिसेंबर २०२२मध्ये आलेल्या तिच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ या सोयीत मात्र ही किल्ली कंपनीकडे राहतच नाही.

ब्रिटिश सरकारला हेच खुपलं. २०१६च्या तपासाधिकार कायद्याखाली त्याने अ‍ॅपलला असा मजकूर मिळण्याची वाट ठेवण्याचा गुप्त आदेश दिल्याची बातमी फेब्रुवारी २०२५मध्ये फुटली. असा आदेश मिळाल्याचं परवानगीशिवाय सांगायलाही कंपनीला बंदी असते, आणि मला सर्वांत गंभीर वाटतं ते हेच: ज्याची माहिती उघडी पडणार, त्याला पत्ताच नाही. २१ फेब्रुवारीला अ‍ॅपलने ब्रिटनमधल्या नव्या ग्राहकांसाठी ही सोय बंद केली. गुन्ह्याचा तपास व्हायलाच हवा. पण तपासासाठी ठेवलेली चोरवाट हॅकरसाठी बंद ठेवता येत नाही.

किल्लीचा हाच प्रश्न आपल्या व्हॉट्सअ‍ॅपलाही आहे. त्याचे निरोप वाटेत सुरक्षित असतात. बॅकअपला मात्र ते संरक्षण आपोआप मिळत नाही. २०२१पासून तशी सोय आहे, पण ‘चॅट बॅकअप’मध्ये जाऊन ती स्वतः सुरू करावी लागते. तिथे ठेवलेला पासवर्ड जपून ठेवा. पूर्ण विसरलात तर कंपनीलाही तो सांगता येत नाही.