केळीला बी का नसतं?

रावेर-यावलचं मूल जळगावला किंवा साक्री-शिरपूरचं धुळ्याला अकरावी सायन्सला येतं, तेव्हा दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या त्या मुलाची पेशी पहिल्याच महिन्यात ‘सेल’ होते, गुणसूत्राचं ‘क्रोमोसोम’ होतं आणि अर्धगुणसूत्री विभाजनाचं ‘मायोसिस’. विषय तोच, पण जुनी ओळख पुसली जाते. मग मूल घोकायला लागतं आणि बायोलॉजी म्हणजे पाठांतर, हा समज घट्ट बसतो. माझ्या मते या विषयावरचा हा सगळ्यात मोठा अन्याय आहे, आणि खानदेशातल्या मुलाला तो दूर करायला घराबाहेर फार लांब जावं लागत नाही.

एक केळं आडवं कापा. मधोमध बारीक काळे ठिपके दिसतील. बी व्हायचं राहून गेलेली ती बीजांडं आहेत. का राहून गेली, याचं उत्तर मायोसिसमध्ये आहे.

रानकेळीच्या पेशीत 22 गुणसूत्रं असतात, म्हणजे 11-11 चे दोन संच. परागकण किंवा अंडपेशी तयार होताना प्रत्येक गुणसूत्र आपला जोडीदार शोधतं, जोड्या लागतात आणि 11 इकडे, 11 तिकडे अशी सरळ वाटणी होते. आपल्या बागेतल्या बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन या वाणांत मात्र तीन संच आहेत, एकूण 33 गुणसूत्रं. तिघांची दोघांत सारखी वाटणी कशी करणार? कुठे एक जास्त जातं, कुठे एक कमी पडतं आणि तयार होणाऱ्या जननपेशी बहुतेक निकामी निघतात. म्हणून बी धरत नाही. पुस्तकातला ‘ट्रिप्लॉइड’ हा शब्द एवढंच सांगतो.

पण बी नाही, तर फळ कसं? एरवी फलन झाल्यावरच अंडाशय फुगायला लागतो. केळीत तो परागकणाची वाट पाहत नाही, आपसूकच गराने भरतो. याला म्हणायचं पार्थेनोकार्पी. बी न धरणं आणि फलनाशिवाय फळ धरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही जुळून आल्या म्हणून फण्यांनी लगडलेला घड मिळतो. परीक्षेत या दोन शब्दांची गल्लत होते ती नुसत्या व्याख्या पाठ केल्यामुळे.

बी नसल्यामुळे पुढची बाग लागते मुनव्यांवर. मुनवा म्हणजे बुंध्याशी फुटणारं पिल्लू, आईची हुबेहूब नक्कल. टिश्यूकल्चरची रोपंही नक्कलच असतात, फक्त काचेच्या बरणीत वाढवलेली. कंदातला वाढता कोंब काढून, निर्जंतुक करून, साखर, क्षार आणि संप्रेरकं घातलेल्या अगारवर ठेवतात. सायटोकायनिनचं प्रमाण जास्त ठेवलं की कोंबाला कोंब फुटतात, ऑक्झिन वाढवलं की मुळं येतात. जळगावात जैन इरिगेशनच्या प्रयोगशाळेत हे काम कारखान्यासारखं चालतं. सगळी रोपं सारखी असल्यामुळे बाग जवळपास एकाच वेळी काढणीला येते. तोटाही त्या सारखेपणातच आहे. पावसाळ्यात मावा किडीबरोबर कुकुंबर मोझॅक विषाणू शिरला, ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात, की एका झाडाला जे झालं ते शेजारच्यालाही होऊ शकतं, कारण तग धरणारं वेगळं झाडच बागेत नसतं. ‘जनुकीय विविधता’ हा शब्द ज्याने उपटून फेकलेल्या रोपांचा ढीग बांधावर पाहिला, त्याला समजावून सांगावा लागत नाही.

कपाशीतही एक धडा आहे. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बीटीचं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात सक्रिय होतं, आतड्याच्या अस्तराला भोकं पाडतं आणि अळी मरते. पण ज्या थोड्या गुलाबी बोंडअळ्या त्यातून वाचल्या त्यांचीच पिलावळ वाढत गेली. बियाण्याबरोबर दिलेलं नॉन-बीटी बियाणं कडेने पेरायचं होतं ते याचसाठी, साध्या अळ्याही जगाव्यात आणि प्रतिकारक अळ्यांशी त्यांचा संकर होत राहावा म्हणून. डार्विनची नैसर्गिक निवड इथे एका पिढीच्या डोळ्यांदेखत घडली.

सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा आणि भिल्ल वस्त्यांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, कारण डीएनएतलं एकच अक्षर बदललेलं असतं, जीएजीचं जीटीजी. आई-वडील दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के. ‘प्रत्येक’ हा शब्द फार महत्त्वाचा. पहिलं मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं मुळीच नाही. पनेट चौकोन काढताना हे ज्याला कळलं, तो उद्या डॉक्टर न होताही गावात एखाद्या जोडप्याला लग्नाआधी रक्त तपासायला सांगू शकेल.

गुणांचं गणितही माहीत असावं. बोर्डाला लेखी 70, प्रॅक्टिकल 30. सीईटीच्या पीसीबी गटात बायोलॉजीचे 100 प्रश्न, एका गुणाचा एक. नीटमध्ये 720 पैकी 360 गुण याच विषयाचे. या दोन्ही परीक्षांत प्रॅक्टिकल नसतं, त्यामुळे त्याकडे दुर्लक्ष होतं आणि जर्नल एकमेकांचं पाहून उतरवलं जातं. तसं करू नका. पाणी भरलेल्या पेल्यावर कांदा असा ठेवा की बुडाची चकती पाण्याला लागेल. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं सुटतात. सकाळी त्यांची टोकं कापा. कॉलेजात ती सौम्य आम्लात मऊ करून, ॲसिटोकार्मिनने रंगवून, काचपट्टीवर ठेवून अंगठ्याने हलकेच दाबा. मग सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी सावकाश सरकवत राहा. बहुतेक पेशी नुसत्या गोल केंद्रकाच्या दिसतील. एखादीत मात्र मधल्या रेषेवर लाल काड्यांची रांग लागलेली सापडेल. मोजता आल्या तर त्या 16 भरतात.