पाण्याचा ताळेबंद

आपल्या बँकेत 31 मार्चला ताळेबंद मांडला जातो. महाराष्ट्रातील अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या छोट्या गावातही दरवर्षी ताळेबंद मांडतात. मात्र तो पैशांचा नसून पाण्याचा असतो.

हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसले आहे. 1972 च्या दुष्काळानंतर येथील डोंगर उघडेबोडके झाले, विहिरी आटल्या आणि अनेक कुटुंबांनी मजुरीसाठी शहरांची वाट धरली. 1989 साली एम. कॉम. झालेले श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजनेतून आणि ग्रामस्थांच्या श्रमदानातून समतल चर, बंधारे, पाझर तलाव आणि वृक्षलागवड ही कामे झाली. कुऱ्हाडबंदी व चराईबंदीमुळे डोंगर पुन्हा हिरवे झाले.

परंतु पाणी अडविणे म्हणजे केवळ ठेव जमा करणे. खरी कसोटी लागते ती ठेव काढताना. भूजल सर्वांचे असले, तरी 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमापासून ते उपसण्याचा हक्क जमीनमालकाकडे चालत आला. जणू खाते सामाईक आणि चेकबुक मात्र प्रत्येकाचे स्वतंत्र! अशा खात्यात शिल्लक ती किती उरणार?

हिवरे बाजारच्या ग्रामसभेने या हक्काला स्वेच्छेने मर्यादा घातली. शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी झाली. ऊस आणि केळी ही पिके वर्ज्य ठरली. पावसाळा संपला की पडलेला पाऊस व विहिरींची पातळी यांवरून जमेची बाजू ठरते. त्यातून प्रथम माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी राखून ठेवले जाते आणि मगच रब्बीची पिके ठरतात. पाऊस कमी झाला असेल, तर त्या वर्षी अधिक पाणी लागणारी पिके घेतली जात नाहीत. या शिस्तीमुळे शेती व दूधव्यवसाय सावरला आणि शहरांत गेलेली कित्येक कुटुंबे गावी परतली. 2020 साली श्री. पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

गाव लहान होते, योजनेचे साहाय्य होते आणि नेतृत्व खंबीर होते, हे खरे. तरीही हा हिशेब दरवर्षी नव्याने आणि सर्वांसमक्ष मांडावा लागतो. एखाद्या वर्षी तो चुकवला, तर जुनी पुण्याई कामी येत नाही.

दिल्लीत आमच्या लक्ष्मीबाई नगरात नळ सोडला की पाणी येते. ते यमुना-गंगेच्या खोऱ्यांतून कालव्यांनी, कोसो दूरवरून आणलेले असते. वीजबिल आपण बारकाईने तपासतो. पाण्याच्या वापराचा हिशेब किती घरांत ठेवला जातो? उधळपट्टी पैशाची असो वा पाण्याची, तिची वसुली अखेर कोणाकडून तरी होतेच.