वेगाचा हिशेब आणि गुरुत्वाचा आकडा

पोट्सडॅमच्या भूगणितीय संस्थेतील ओस्कार हेकर यांनी 1901 साली अटलांटिक महासागरात आणि 1904-05 मध्ये हिंदी व प्रशांत महासागरांत जहाजावरून गुरुत्वाकर्षण मोजले. पद्धत कल्पक होती. वायुभारमापकातल्या पाऱ्याची उंची गुरुत्वावर अवलंबून असते, पाण्याच्या उत्कलनबिंदूवरून काढलेला हवेचा दाब मात्र नसतो. या दोहोंची तुलना करून गुरुत्व काढायचे. हंगेरीचे भौतिकशास्त्रज्ञ लोरांड एटव्हश यांनी ते आकडे तपासले, तेव्हा जहाजाची स्वतःची गती हिशेबात धरलेलीच नाही हे त्यांच्या ध्यानात आले. मग 1908 साली काळ्या समुद्रात एक जहाज पूर्वेकडे आणि दुसरे पश्चिमेकडे नेऊन मोजणी झाली. पूर्वेकडे जाताना गुरुत्व खरोखरच कमी भरले.

याचे मूळ पृथ्वीच्या फिरण्यात आहे. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,580 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते. जहाज पूर्वेला निघाले की त्याचा वेग यात मिळतो, केंद्रोत्सारी परिणाम वाढतो आणि वजन घटते. पश्चिमेला निघाले की उलट घडते. हाच एटव्हश परिणाम. या अक्षांशावर 10 नॉट वेगाने पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजावर हा फरक सुमारे 71 मिलिगॅल होतो, तर 150 नॉट वेगाच्या विमानात 1,150 मिलिगॅलच्या आसपास. एक मिलिगॅल म्हणजे गुरुत्वाचा साधारण दहा लाखावा भाग, आणि तळाखालच्या खडकांतला जो फरक भूवैज्ञानिक शोधत असतात तो कित्येकदा मोजक्या मिलिगॅलांचाच असतो.

लाटांचे हेलकावे तर याहून कितीतरी मोठे असतात, मग एवढ्याशा परिणामाची काळजी कशाला, असे कुणी विचारेल. लाटांमुळे यंत्रावर लाखभर मिलिगॅलचा झटका बसू शकतो हे खरे. पण जहाज जितके वर जाते तितकेच खाली येते, म्हणून काही मिनिटांची सरासरी काढली की तो झटका बहुतांशी विरून जातो. वेनिंग माइनेझ या डच शास्त्रज्ञांनी 1923 पासून आपले लंबक पाणबुडीतून लाटांखाली नेले, तेही हेलकावे टाळण्यासाठीच. एटव्हश परिणाम मात्र पाणबुडीलाही चुकत नाही. तो एकाच बाजूला टिकून राहतो, तासन्‌तास सरासरी काढली तरी जात नाही. म्हणूनच तो अधिक घातक.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हा परिणाम काढून टाकण्यासाठी केलेली दुरुस्ती खडकांच्या मूळ संकेतापेक्षा मोठी असेल, तर नकाशावरचा आकडा मोजलेला की रचलेला? माझ्या मते तो मोजलेलाच आहे, कारण या दुरुस्तीत तळाखालच्या खडकांविषयीचे एकही गृहीतक नसते. वेग, दिशा आणि अक्षांश एवढेच तिला लागते आणि तिन्ही स्वतंत्रपणे मोजता येतात. शिवाय तिची परीक्षा समुद्रावरच होते: दोन वेगळ्या दिशांच्या फेऱ्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथे दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत. न जुळल्यास हिशेब चुकला आहे. पूर्वेकडे जाताना वेगातली चूक भोवते, तर उत्तरेकडे जाताना दिशेतली. 10 नॉटवर एका अंशाने दिशा चुकली तरी सव्वा मिलिगॅल बिघडतो. म्हणजे जहाजाचा मार्ग आणि वेग नोंदवणारे उपकरणही गुरुत्वमापीइतकेच मोजणीचे साधन ठरते.

उपग्रहांमुळे वेगाची ही अडचण पुष्कळ सुटली, तरी विमानात आणखी एक पेच उरतो. हवेच्या धक्क्यांनी होणारे उभे त्वरण जीपीएसच्या स्थानांवरून काढून वजा करावे लागते, आणि त्या गणितात स्थानांतल्या बारीक चुका फुगतात. त्या दाबायला मिनिट-दोन मिनिटांची सरासरी घ्यावी, तर तेवढ्यात विमान काही किलोमीटर पुढे गेलेले असते आणि त्याहून लहान भूरचना पुसली जाते. अणूंचा थंड ढग मुक्तपणे पाडून गुरुत्व मोजणारी नवी यंत्रे जहाजांवर आणि विमानांत वापरून झाली आहेत. एटव्हश दुरुस्ती त्यांनाही लागतेच. म्हणून गुरुत्वाच्या सर्वेक्षणांत शेवटचा नकाशा जपून मार्ग-वेगाच्या मूळ नोंदी फेकून देणे ही हानी आहे. त्या नोंदी राहिल्या तर जुन्या मोजण्या आजही नव्याने दुरुस्त करता येतात. नसतील तर तो आकडा तपासायला पुन्हा त्याच समुद्रात जहाज न्यावे लागते.