दर हजारी १०२०: आकडा बरोबर, अर्थ चुकीचा

नोव्हेंबर २०२१मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे देशाचे आकडे जाहीर झाले. ‘हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया’ असे मथळे झळकले आणि देशात मुलींची संख्या मुलांपुढे गेली, असा अर्थ अनेकांनी लावला. पण त्याच सर्वेक्षणात आधीच्या पाच वर्षांत जन्मलेल्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ९२९. शिवाय २००५-०६च्या तिसऱ्या फेरीतही स्त्री-पुरुष प्रमाण हजाराला हजार आलं होतं आणि २०११च्या जनगणनेत ते ९४३ निघालं. हे सर्वेक्षण घरोघरी जातं आणि आदल्या रात्री त्या घरात मुक्कामाला असलेल्यांना धरून हे प्रमाण काढतं. बराकीत, वसतिगृहात, दूरच्या कामावर असलेले पुरुष त्यातून सुटतात. सार्वजनिक आरोग्यातला सांख्यिकी विश्लेषक म्हणजे तयार आकडे संगणकात घालून टक्केवारी काढणारा माणूस, हा समज इथेच ढासळतो. कोणाला मोजलं आणि कोण राहून गेलं, हे त्याला आधी विचारावं लागतं.

‘नमुना जितका मोठा, तितका निष्कर्ष पक्का’ हाही असाच एक समज. पाचव्या फेरीत सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबं होती. इतकी का, तर ७०७ जिल्ह्यांपैकी प्रत्येकाचं स्वतंत्र चित्र हवं होतं. २०११च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्गची लोकसंख्या साडेआठ लाख आणि पुणे जिल्ह्याची ९४ लाख. जिल्ह्याचं चित्र काढायला दोन्हीकडे पुरेशी घरं घ्यावीच लागतात, त्यामुळे सिंधुदुर्गचा वाटा नमुन्यात लोकसंख्येच्या मानाने मोठा होतो. म्हणून प्रत्येक नोंदीला भारांक देतात. तो न लावता राज्याची सरासरी काढली, तर लहान जिल्हे तिला आपल्याकडे ओढतात. आणि भारांक लावल्यावरही आकड्याला आगेमागे जागा ठेवावीच लागते. महाराष्ट्रात वयाच्या मानाने बुटक्या राहिलेल्या बालकांचं प्रमाण चौथ्या फेरीत ३४.४ टक्के होतं, पाचव्यात ३५.२. एवढा फरक नमुन्यातल्या योगायोगानेही पडू शकतो. ‘कुपोषण वाढलं’ असं त्यावरून छातीठोक म्हणता येत नाही. ‘दोन फेऱ्यांमध्ये ठोस घट दिसली नाही’ एवढं मात्र म्हणता येतं, आणि माझ्या मते काळजी वाटायला तेवढं पुरेसं आहे.

सगळ्यात हट्टी गैरसमज डेटाच्या साफसफाईबद्दल आहे. विचित्र आकडे खोडले की झालं, असं पुष्कळांना वाटतं. बाळाच्या जन्मवजनाचं बघा. २५०० ग्रॅमपेक्षा कमी भरलं तर ते कमी वजनाचं बाळ. प्रत्यक्ष नोंदींमध्ये बरोबर अडीच किलोवर आकड्यांचा ढीग साचलेला दिसतो, कारण काटा वाचताना आणि आईला आठवून सांगताना पूर्णांक किंवा अर्धा किलो सोयीचा पडतो. खरं वजन २४६० असलेलं बाळ कागदावर २५०० होतं आणि ज्याला जास्त लक्ष हवं, तेच ‘सर्वसाधारण’ बाळांत जाऊन बसतं. यातला एकही आकडा विचित्र नाही, त्यामुळे खोडण्यासारखं काही सापडतच नाही. विश्लेषक मग तो ढीग किती मोठा आहे हे तपासतो, त्यातला काही वाटा कमी वजनात धरून गणित पुन्हा करतो आणि दोन्ही उत्तरं वाचकापुढे ठेवतो. लोकांचं वय सांगणंही असंच: शून्यावर आणि पाचावर संपणारी वयं नेहमी जास्त भरतात. उलट टोकाचे आकडे सरसकट वगळले, तर कधी कधी खरोखरच सर्वांत अशक्त असलेली मुलंच हिशेबातून जातात. खोडण्याआधी मूळ फॉर्म काढून बघणं, मुलाखत घेणाऱ्या ताईंना विचारणं, यातच या कामाचे कितीतरी दिवस जातात.

विश्लेषकाचं काम डेटा हाती आल्यावर सुरू होतं, हेही खरं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने घरच्या घरी नवजात बाळांच्या काळजीचा प्रयोग केला. ३९ गावांत ही सेवा दिली आणि तुलनेसाठी ४७ गावं ठेवली. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यावरचा निबंध छापून आला. ती दुसरी ४७ गावं मोजली नसती, तर घट सेवेमुळे झाली की काळाच्या ओघात, हे सांगता आलं नसतं. व्याख्याही आधीच ठरवाव्या लागतात. श्वास घेऊन काही मिनिटांत गेलेलं बाळ ‘मृतजन्म’ म्हणून लिहिलं, की एकही जीव न वाचता कागदावरचा मृत्युदर उतरतो.

आकड्यांनी काहीही सिद्ध करता येतं, असं म्हणणारे भेटतात. त्याला लगाम घालण्याची सोय आहे. भारतात २००७ पासून वैद्यकीय चाचण्यांची (क्लिनिकल ट्रायल) राष्ट्रीय नोंदवही आहे आणि जून २००९ पासून तिथे नोंदणी सक्तीची झाली. मुख्य मोजमाप कोणतं, हे आधी लिहून द्यायचं असतं. निकाल लागल्यावर सोयीचं मोजमाप पुढे केलं, तर नोंद बघून कोणीही जाब विचारू शकतं.

राहिला प्रश्न, या क्षेत्रात फक्त गणितातल्या पदवीधरांनीच यावं का? गणित हवंच, ‘आर’ किंवा ‘स्टाटा’सारखं सांख्यिकीचं सॉफ्टवेअरही शिकावं लागतं. मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत जैवसांख्यिकी आणि लोकसंख्याशास्त्र शिकवतात. हीच संस्था हे कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांभाळते. पण जमेल तेव्हा सर्वेक्षणाच्या गटाबरोबर एखाद्या गावात जावं. सासू शेजारी बसलेली असताना सुनेला गर्भपाताबद्दल विचारलं, तर उत्तराच्या रकान्यात काय लिहिलं जातं, हे तिथे कळतं.